उताराची वीज

नवी गाडी घेऊन तीन महिने झाले. मीटरवर 4,200 किलोमीटर पडलेत. पहिल्याच आठवड्यात लिहायला बसलो असतो तर नुसतं कौतुक झालं असतं. वर्षभरानं लिहिलं असतं तर नवेपणाच्या खाणाखुणा आठवल्या नसत्या. म्हणून आत्ताच लिहितो.

गाडी हायब्रिड आहे. पेट्रोलचं इंजिन आणि विजेची मोटर, दोन्ही एकाच बॉनेटखाली. लांबी साडेचार मीटरच्या आत, त्यामुळं आपल्या गल्लीबोळाच्या हिशेबानं तिला छोटीच म्हणायचं. चार मीटरच्या आतली, मोटरवर स्वतःहून चालू शकणारी हायब्रिड मी घेतली तेव्हा आपल्याकडे मिळत नव्हती. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. हा लेख जाहिरात नाही आणि तक्रारही नाही.

कराडात ही गाडी दारात उभी राहिल्यापासून मला दिवसातून एकदा तरी एकच प्रश्न येतो. दुकानदार विचारतो, शाळेतले सहकारी विचारतात, जुम्याच्या नमाजनंतर चपला घालता घालता कुणीतरी विचारतंच, "चार्जिंगला कुठं लावतो?" मी सांगतो, कुठंच लावत नाही, हिला प्लगच नाही. मग समोरच्याच्या चेहऱ्यावर शंका उमटते. प्लग नाही, तर वीज येते कुठून?

प्रश्न अगदी बरोबर आहे. या गाडीतली सगळी वीज शेवटी पेट्रोलचीच असते. फरक एवढाच की साधी गाडी जे फेकून देते, त्यातलं थोडं ही उचलून ठेवते. साध्या गाडीत आपण पेट्रोल जाळून वेग कमावतो आणि पुढं सिग्नल आला की ब्रेक दाबून तो वेग डिस्कवर घासून टाकतो. डिस्क तापते, उष्णता हवेत जाते, संपलं. हायब्रिडमध्ये ब्रेकवर हलका पाय पडला की चाकं मोटरला उलटी फिरवतात, मोटर जनित्र होते आणि तयार झालेली वीज बॅटरीत जाते. पुढं गाडी हलवताना तीच वीज वापरायची. जोरात ब्रेक मारला तर मात्र डिस्कच घासते आणि कमाई बुडते.

ही कल्पना नवी नाही. हायब्रिड मोटार विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच युरोपात बनली होती. पण कारखान्यात मोठ्या संख्येनं बनून सामान्य गिऱ्हाइकाच्या दारात आली ती डिसेंबर 1997 मध्ये जपानात, टोयोटाच्या प्रियसच्या रूपानं. आपल्याकडे होंडाची सिव्हिक हायब्रिड 2008 मध्ये आली, प्रियस 2010 मध्ये आली, पण त्यांच्या किमती आपल्यासारख्यांनी फक्त वाचायच्या होत्या. मध्यम आकाराच्या, नोकरदाराला निदान विचार करता येईल अशा गाड्यांमध्ये हे तंत्र 2022 पासून दिसू लागलं. बाजारात 'स्मार्ट हायब्रिड' किंवा 'माइल्ड हायब्रिड' म्हणून विकल्या जाणाऱ्या गाड्या वेगळ्या. त्यांची मोटर इंजिनाला थोडा हात देते, एकटी गाडी ओढत नाही. शोरूममध्ये जाणाऱ्यानं हा फरक आधी विचारून घ्यावा.

मग सरळ विजेवरचीच का घेतली नाही? आमचं घर गल्लीत आहे. गाडी घरापासून दीडशे पावलांवर, एका मोकळ्या प्लॉटवर भाड्यानं उभी असते. तिथं विजेचा खांब आहे, पण मीटर आपलं नाही. रात्री दीडशे पावलं वायर ओढायची कशी? इलेक्ट्रिक गाडीच्या जाहिरातीत नेहमी स्वतंत्र बंगला आणि अंगणात पांढरी गाडी असते. ज्यांना अंगण नाही त्यांचा विचार त्या जाहिरातीत नसतो. आणि धाकटी बहीण चिपळूणला दिलेली आहे. कराड ते चिपळूण शंभरेक किलोमीटर, मध्ये कुंभार्ली घाट. वेळीअवेळी निघावं लागतं. चार्जिंगचा हिशेब करत बसायला नको होतं.

दुसरा प्रश्न पैशाचा. आमच्या घरात व्याजाचा पैसा येत नाही आणि व्याजावर पैसा काढत नाही. अब्बांनी हे आयुष्यभर पाळलं आणि आम्हा नवरा-बायकोलाही ते पटलेलं आहे. कुणावर टीका म्हणून सांगत नाही. कर्ज काढून गाड्या घेतलेले कितीतरी मुसलमान मित्र मला आहेत आणि त्यांच्या गाडीत मी आनंदानं बसतो. पण आम्ही थांबायचं ठरवलं. दोघं शिक्षक, सहा वर्षं बाजूला टाकलेला पैसा, जुनी गाडी विकून आलेले, आणि शेवटचे दोन लाख भिशीचे. बारा जणांची आमची भिशी, कुणी नफा घेत नाही, ज्याचा नंबर लागला त्यानं उचलायचे. मी गाडीचं सांगितल्यावर ज्याचा नंबर आधी होता त्यानं आपणहून मागं सरून मला जागा दिली.

शोरूममधल्या मुलाला हे समजावताना मात्र गंमत झाली. त्यानं कागदावर हप्त्याचा आकडा लिहूनच ठेवला होता. "सर, एवढे पैसे एकदम कशाला अडकवता? लोन घ्या, सवलत पण आहे त्यावर." मी म्हटलं, लोन नको. तो म्हणाला, "मग थोडंसं तरी घ्या." अब्बा शेजारी बसले होते. ते त्याला म्हणाले, "बाळ, आम्ही सहा वर्षं थांबलोय ते थोडंसं घ्यायला नाही." पोरगा हसला आणि त्यानं कागद फाडला.

आता अब्बांविषयी सांगायला हवं, कारण या गाडीचे माझे सगळे अनुभव त्यांच्या शेजारी बसून घेतलेले आहेत. अब्बा एसटीत ड्रायव्हर होते. 1978 ते 2009, एकतीस वर्षं. त्यातली बरीच वर्षं चिपळूणच्या लाइनवर. आज चौऱ्याहत्तर वय. दोन वर्षांपूर्वी डोळ्यांत काचबिंदू निघाला. समोरचं दिसतं, पण कडेचं गेलं. डॉक्टरांनी गाडी चालवू नका म्हटलं, त्या संध्याकाळी घरी येऊन त्यांनी किल्ली फडताळात ठेवली आणि पुन्हा मागितली नाही. तक्रारीचा एक शब्द नाही. पण तेव्हापासून ते गाडीत बसले की बोलायचे नाहीत. ज्यानं आयुष्यभर पन्नास-पन्नास माणसं घाटातून खाली सुखरूप नेली, त्याला डाव्या बाजूच्या सीटवर बसून काय करायचं ते कळत नव्हतं. नवी गाडी घेताना माझ्या मनात मायलेजपेक्षा ही गोष्ट जास्त होती. गाडी जरा उंच, चढायला-उतरायला सोपी, धक्के कमी बसणारी हवी होती. डोळ्यांच्या तपासणीला महिन्या-दोन महिन्यांनी दूर न्यावं लागतं, त्यात त्यांचे गुडघे.

गाडी ताब्यात घ्यायला गेलो तेव्हा शोरूमवाल्यांनी हार घातला, नारळ पुढं केला आणि जरा अडखळून विचारलं, "सर, तुमच्यात चालतं ना?" अब्बा म्हणाले, "नारळ कुणाला चालत नाही? द्या इकडं, घरी चटणी होईल." मग त्यांनी बॉनेटवर हात ठेवून बिस्मिल्ला म्हटलं आणि पहिला प्रश्न विचारला, "स्टेपनी कुठाय?"

दुसरा प्रश्न मी बटण दाबल्यावर आला. आम्ही घरी दखनी बोलतो. अब्बा म्हणाले, "चालू हुई क्या?" मी म्हटलं, हो. पडद्यावर हिरव्या अक्षरात 'रेडी' आलं होतं. ते थोडा वेळ कान देऊन बसले. "आवाज नई आता, फिर चालू कैसा समजना?"

हा प्रश्न साधा नव्हता. अब्बा आयुष्यभर कानानं गाडी चालवत आले. गिअर कधी टाकायचा हे त्यांना इंजिन सांगायचं. वरून कुठला बेल्ट सैल झालाय, कुठल्या चाकात किरकिर आहे, हे त्यांना डेपोच्या मेकॅनिकआधी कळायचं. अशा माणसाला मी अशा गाडीत बसवलं होतं जी तोंड उघडत नव्हती. डोळ्यांनी साथ सोडली होती, आता कानालाही काम उरलं नाही. पहिले पंधरा दिवस ते गाडीत अजूनच गप्प झाले.

आवाज नसण्याचा दुसरा त्रास गल्लीत आहे. आमच्या गल्लीत मोटारीच्या आवाजावर लोक बाजूला होतात, मागं वळून कुणी पाहत नाही. या गाडीची चाल गल्लीतल्या वेगात मोटरवरच असते. नळावरून बादली घेऊन निघालेल्या एका आजीबाईंच्या मागं मी चांगला अर्धा मिनिट चालत्या माणसाच्या वेगानं जात होतो, त्यांना पत्ताच नाही. हॉर्न वाजवला असता तर त्या दचकून पडल्या असत्या. शेवटी काच खाली करून "दादीअम्मा, सलाम" म्हटलं. आता हीच पद्धत पडली आहे. काच उघडी ठेवायची, लोकांना नावानं हाक मारायची. क्रिकेट खेळणाऱ्या पोरांनी गाडीचं नाव 'भूत' ठेवलंय. पोरांचं एक ठीक आहे, पण ज्यांना कमी दिसतं आणि जे फक्त ऐकून रस्ता ओलांडतात त्यांच्यासाठी ही शांतता धोक्याची आहे. युरोपात आणि अमेरिकेत अशा गाड्यांनी कमी वेगात मुद्दाम आवाज करावा असा नियम आहे, त्यामागचं कारण मला या आजीबाईंनी शिकवलं.

मायलेजकडे येऊ. कागदावरचा आकडा लिटरला 28च्या जवळ आहे. मी पडद्यावर विश्वास न ठेवता टाकी पूर्ण भरून, पुन्हा पूर्ण भरून हिशेब ठेवला. 4,200 किलोमीटरला 187 लिटर पेट्रोल गेलं, म्हणजे साडेबावीसची सरासरी. गंमत अशी की बाकीच्या गाड्या गावात कमी आणि हायवेला जास्त देतात, ही उलट आहे. कोल्हापूर नाक्याच्या कोंडीत, दत्त चौकात, थांबत-सरकत जाताना ती पंचवीसपर्यंत जाते, कारण इंजिन निम्म्याहून जास्त वेळ बंदच असतं आणि प्रत्येक थांब्याला थोडी कमाई होते. पुण्याच्या रस्त्याला शंभरच्या वेगानं सोडली की वीस-एकवीसवर येते. सपाट रस्त्यावर सलग धावताना ब्रेकच नाही, तर वाचवणार काय?

म्हणून ज्यांना या गाडीत पैसे वाचतील असं वाटतं त्यांनी कागद-पेन्सिल घेऊन बसावं. याच प्रकारची साधी पेट्रोल ऑटोमॅटिक माझ्या एका सहकाऱ्याकडे आहे. तिला सोळा मिळतात. पेट्रोल 104 रुपये धरलं तर त्याचा किलोमीटरला खर्च साडेसहा रुपये, माझा चार रुपये बासष्ट पैसे. वाचले एक रुपया अठ्ठ्याऐंशी पैसे. मी त्याच्यापेक्षा जास्त मोजले अडीच लाख. ते भरून यायला एक लाख तेहतीस हजार किलोमीटर चालवावं लागेल. माझ्या सध्याच्या चालीनं आठ वर्षं. हायब्रिड बॅटरीची हमीही आठ वर्षांची किंवा एक लाख साठ हजार किलोमीटरची आहे. म्हणजे फरक वसूल होईल तेव्हा हमी संपत आलेली असेल. रोज शंभर किलोमीटर जाणाऱ्याला ही गाडी परवडते. रविवारी बाजाराला जाणाऱ्याला नाही. सरकारी धोरणही राज्याराज्यात वेगळं आहे. उत्तर प्रदेशानं 2024 मध्ये अशा गाड्यांचा नोंदणीकर माफ केला, आपल्या राज्यात सवलत विजेवरच्या गाडीला, हायब्रिडला रस्ताकर पेट्रोल गाडीसारखा.

उणिवाही सांगून टाकतो. बॅटरी मागं, डिकीच्या तळाशी आहे. त्यामुळं डिकी लहान. बहिणीनं चिपळूणहून तांदळाचं पोतं, फणस आणि सुकटीची पिशवी दिली की एक काहीतरी अम्मीच्या पायाशी येतं, आणि ती सुकटीचीच पिशवी असते. चढाला गाडी घुसमटते. बॅटरीतली वीज पहिल्या काही किलोमीटरमध्येच संपते आणि मग तीन सिलिंडरचं इंजिन एकटं ओरडत राहतं. आवाज मोठा आणि वेग त्या मानानं कमी. गिअर बदलल्याचा झटका नसतो, एकच सूर लांबत राहतो. सवय होईपर्यंत गाडी रडतेय असं वाटतं.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला ते सांगतो.

दुसऱ्या महिन्यात आम्ही चिपळूणला निघालो. पाटण, हेळवाक करत कोयनानगरच्या पुढं घाट सुरू झाला. कोयनेचं धरण या बाजूला, आणि घाट उतरला की पोफळी. मधला जो सह्याद्रीचा कडा आहे त्याच्या पोटातून शिवसागराचं पाणी खाली सोडतात आणि पायथ्याशी वीज करतात. नदी मुळात पूर्वेला कृष्णेकडे जाणारी, पण विजेसाठी घेतलेलं पाणी पश्चिमेला पडतं आणि वाशिष्ठीला मिळतं. पहिली वीज 1962 मध्ये तयार झाली, आज सगळे टप्पे मिळून क्षमता 1,960 मेगावॅट. लहानपणी अब्बांच्या गाडीतून इथून जाताना ते सांगायचे, "पाणी फक्त पडतं, बाकी काही करत नाही. पडण्याचीच वीज होते."

उतार लागला तसा मी दांडा 'बी'वर टाकला. 'बी'मध्ये पाय काढला की मोटर गाडीला मागं ओढते आणि वीज भरते. पडद्यावर चाकांकडून बॅटरीकडे हिरव्या रेघा धावू लागल्या. मी अब्बांना म्हटलं, "अब्बा, आता आपणही पोफळीसारखंच करतोय. गाडी पडतेय आणि वीज होतेय." त्यांनी मान वळवून पडद्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहत होते. मग म्हणाले, "किती मावते?"

एवढा बरोबर प्रश्न मला शोरूममध्येही सुचला नव्हता. बॅटरी पाऊण युनिटपेक्षा किंचित मोठी आहे. पाऊण युनिट म्हणजे घरचा पंचाहत्तर वॅटचा पंखा दहा तास चालेल एवढी वीज. तीही सगळी वापरत नाहीत, बॅटरी टिकावी म्हणून मधला भागच भरायचा-काढायचा. आणि घाटात मिळतं किती? गाडी आणि आम्ही चौघं मिळून दीड टन धरा, उतार पाचशे मीटरचा धरा. हिशेब येतो दोन युनिटांचा. त्यातलं काही चाकाच्या घर्षणात आणि वाऱ्यात गेलं तरी जे उरतं ते बॅटरीच्या पोटापेक्षा बरंच जास्त. मी हे सांगत होतो तोवर तीन-चार वळणं गेली आणि पट्टी काठोकाठ भरली.

आणि एकदम इंजिन गर्जलं. पाय ॲक्सिलरेटरवर नव्हता. मागून बायको दचकून म्हणाली, "काय झालं?" मलाही क्षणभर कळलं नाही. पण अब्बा सीटवर सरळ झाले. त्यांचा चेहरा बदलला होता. म्हणाले, "घाबरू नका. इंजिनावर उतरतेय. वीज ठेवायला जागा नाही, म्हणून मोटर आता इंजिनाला फिरवतेय. पेट्रोल जळत नाही यात. इंजिनच ब्रेक झालंय."

नंतर मी गाडीचं माहितीपुस्तक वाचलं, तंत्राची माहिती शोधली. अगदी तेच होतं. बॅटरी भरली की गाडी जास्तीची ताकद पेट्रोल न देता इंजिन फिरवण्यात घालवते, म्हणजे डिस्क तापत नाहीत. अब्बांनी ते पुस्तक उघडलेलं नाही, आणि आता त्यांना बारीक अक्षर वाचता येत नाही. त्यांनी आवाजावरून ओळखलं. एसटीत पहिला नियम शिकवायचे, ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचा. ब्रेकवर उतरणारा ड्रायव्हर दहा वेळा उतरेल, अकराव्या वेळी ब्रेक तापून जातील. गाडीला इंजिनानं धरायचं. या मुक्या गाडीनं पहिल्यांदा त्यांच्या ओळखीचा शब्द उच्चारला होता.

त्यानंतर पोफळीपर्यंत ते बोलत होते. कुठल्या वळणावर पावसाळ्यात दरड यायची, कुठं ट्रकला आधी वाट द्यायची, कुठल्या ठिकाणी रात्री धुक्यात कंडक्टर पुढं टॉर्च घेऊन चालला होता. एक-दोनदा मला म्हणाले, "पाय उचल. पुढं थांबायचंच आहे तर आत्ता कशाला पळतोस?" हे वाक्य मी गाडी शिकत असताना शंभरदा ऐकलंय. तेव्हा ते डिझेल वाचवण्यासाठी म्हणायचे. डेपोत कुठल्या ड्रायव्हरनं किती लिटरमध्ये किती किलोमीटर काढले याचा हिशेब लागायचा आणि अब्बांचं नाव त्यात वर असायचं. ते दुरूनच पाय काढायचे आणि गाडी आपल्या वेगानं थांब्यापर्यंत येऊ द्यायचे. आता ही गाडी प्रत्येक फेरीनंतर पडद्यावर मला गुण देते, आणि गुण वाढवायचा मार्ग तोच, लांबून पाय उचला, ब्रेक हलका, वेग एकसारखा. जपानातल्या इंजिनिअरांनी संगणक बसवून जे साधलं त्यातला चालकानं करायचा भाग अब्बा एकतीस वर्षं नुसत्या पायानं करत होते. त्यांच्याजवळ बॅटरी नव्हती एवढंच. त्यांनी वाचवलेलं महामंडळाच्या टाकीत राहायचं.

आमच्या घरात अन्न टाकू देत नाहीत. वजू करताना नळ मोठा सोडला तर अजूनही अम्मी आतून आवाज देते. हे धर्मातून आलं की गरिबीतून, असं विचारलं तर ती म्हणेल, दोन्हीतून. मला या गाडीचं जे आवडलं ते त्याच जातीचं आहे. ती काही नवीन निर्माण करत नाही, चमत्कार करत नाही. पेट्रोल जाळते, धूरही सोडते. पण हातात आलेलं उगाच वाया जाऊ देत नाही, आणि मावेल तेवढंच घेते.

त्या दिवसापासून अब्बांनी गाडीचा हिशेब स्वतःकडे घेतलाय. पेट्रोल भरलं की आकडे ते मला मोठ्यानं सांगायला लावतात आणि माझ्या मुलीकडून जाड पेनानं वहीत लिहून घेतात. तारीख, लिटर, किलोमीटर, रस्ता कुठला. गाडीत बसले की कान देऊन असतात. इंजिन चालू झालं की बोट वर करतात, बंद झालं की खाली. मला आवाज ऐकू येण्याआधी त्यांचं बोट वर गेलेलं असतं.

गेल्या आठवड्यात पुन्हा चिपळूणला जायचं होतं. कोयनानगर यायच्या अलीकडे, चढ संपून रस्ता सपाट झाला तिथं, अब्बा म्हणाले, "आता इंजिन बंद ठेवून विजेवर चालव. असलेली सगळी संपव."

मी विचारलं, "घाटाच्या तोंडावर बॅटरी रिकामी करायची?"

"मग काय? दावतीला जाताना घरून जेवून जातोस का?"

मी विजेचं बटण दाबलं, वेग कमी ठेवला, पट्टी दोन घरांवर आणली आणि मग घाटात उतरलो. मागच्या वेळी इंजिन ज्या वळणावर गर्जलं होतं ते वळण शांततेत गेलं. पुढचंही गेलं. जवळजवळ दोन किलोमीटर उशिरा आवाज आला. अब्बांचं बोट वर होतंच. मुलीला म्हणाले, "लिहून ठेव."